गुलाब बिल्डिंगचा जिना

मला आजही हळू बोलता येत नाही. जळगावला मुलीकडे राहायला आले तेव्हापासून ती सारखी म्हणते, "आई, मी इथेच बसलेय, तुझ्यासमोर." तिचा फ्लॅट शांत आहे. खिडक्या लावल्या की खाली रस्ता आहे हेसुद्धा विसरायला होतं. मी वाढले ती जागा अशी नव्हती. धुळ्याला आग्रा रोडवर, भर बाजारात, गुलाब बिल्डिंग नावाची दोन मजली इमारत होती. खाली रस्त्याच्या अंगाला दुकानं, मागच्या अंगाला लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांची खोली, पहिल्या मजल्यावर तात्यांचा टायपिंग क्लास आणि दुसऱ्या मजल्यावर अक्काची खानावळ. खानावळीच्या मागे एक खोली होती, ते आमचं घर. खालून ट्रम्पेट, मधल्या मजल्यावरून टायपिंगच्या मशीनींची टकटक, रस्त्यावरून ट्रकचे भोंगे आणि केळीवाल्यांच्या आरोळ्या. या सगळ्यावर आवाज चढवल्याशिवाय अक्काला साधं "मीठ दे" म्हणता यायचं नाही. तिचा आवाज माझ्यात उतरला, तो अजून गेलेला नाही.

अक्का म्हणजे माझी आई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही अक्काच म्हणायची. ती दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. वडील गेले तेव्हा मी रांगत होते. सासरी राहून दिवस काढण्यापेक्षा स्वतःच्या हाताने काहीतरी करावं म्हणून ती मला कडेवर घेऊन धुळ्याला आली आणि गुलाब बिल्डिंगच्या जुन्या मालकाने तिला वरचा मजला भाड्याने दिला. वर चढून कोण जेवायला येणार, असं लोक तेव्हा तिला म्हणाले होते. पण तिच्या फोडणीचा वास खाली रस्त्यापर्यंत जायचा आणि माणसं आपोआप जिना चढायची. कचेऱ्यांतले कारकून, गावाकडून शिकायला आलेली मुलं, कापसाच्या मोसमात आलेले व्यापारी, तालमीतले पैलवान. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शनिवारी शेवभाजी, आणि रोज दुपारी मोठ्या पातेल्यात फौजदारी डाळ. चार-पाच डाळी एकत्र शिजवून तिला काळा मसाला, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची. जाड, काळपट, आणि चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ रटरटत राहणारी. पुढे जे झालं त्यानंतर धुळ्यातल्या लोकांनी त्या नावावरून पुष्कळ विनोद केले. मला ते तेव्हा आवडले नाहीत, आताही आवडत नाहीत.

बिल्डिंगच्या दारावर चुन्यातला एक गुलाब काढलेला होता, त्यावरून ते नाव. दर दिवाळीला जुना मालक त्याला स्वतः लाल रंग द्यायचा. लांबून तो कोबीसारखा दिसे. दारातून आत गेलं की जिना. सागवानी, रुंद, दोन माणसं आडवी खाट घेऊन चढू शकतील एवढा. तळमजल्यापासून थोडं चढलं की एक फळ्यांचा टप्पा लागायचा, तिथून जिना वळून पहिल्या मजल्यावर यायचा, मग तसाच दुसऱ्या मजल्यावर. पूर्ण इमारतीला वर जायला आणि खाली यायला एवढाच एक जिना होता. बँडवाले दुपारी त्याच्या पायऱ्यांवर पितळी वाद्यं घासत बसायचे, टायपिंगच्या मुली परीक्षेच्या आधी तिथेच बसून हवेत बोटं चालवायच्या. मी अभ्यास करायची तो त्या टप्प्यावर, कठड्याला पाठ लावून. येणारा-जाणारा माझ्यावरून पाय टाकून जायचा आणि कोणी रागवायचं नाही.

तात्या मला फुकट टायपिंग शिकवायचे. उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, सदरा नेहमी पांढरा. मुलींनी मशीनवर वाकून बसलेलं त्यांना खपत नसे. पाठीवर पट्टी टेकवून म्हणायचे, "ताठ बसा. उद्या साहेबासमोर बसायचं आहे." त्यांच्या क्लासमधून निघालेल्या मुली जिल्हाभर नोकरीला लागल्या होत्या. दुपारी ते अक्काकडे जेवायचे नाहीत, कारण त्यांच्या पत्नी, माई, घरून डबा पाठवायच्या. पण डाळीची एक वाटी अक्का माझ्या हातून खाली पाठवायचीच.

आणि भिका. भिका हा तालमीतला पोरगा. असोद्याकडचा की कुठला, आई-बाप नव्हते, कुणा नातेवाइकाने धुळ्याच्या तालमीत आणून टाकला होता. अक्काने त्याला वाढताना हात कधी आखडता घेतला नाही. "खाय रे, लाजू नको, तुन्हा आंगले लागाले पाहिजे," म्हणत ती त्याच्या ताटात तूप घालायची. जत्रेत कुस्ती मारून आला की तो नारळ आणि फेटा आधी वर आणून अक्काच्या पायाशी ठेवायचा. मला त्याने सायकल शिकवली. मग एका कुस्तीत त्याचा गुडघा गेला. खूप औषधं झाली, मालीश झाली, पण गुडघा सरळ झाला नाही. तालीम सुटली, खुराक सुटला. नंतर तो कुणाच्या तरी ट्रकवर असतो, कुणाच्या तरी निवडणुकीत असतो असं कानावर यायचं. जेवायला येणं कमी झालं आणि एक दिवस थांबलं.

जुना मालक वारला आणि त्याच्या मुलांनी बिल्डिंग बाहेरगावच्या एका शेठला विकली. नव्या शेठला आम्ही कोणीच नीट पाहिलं नाही. पांढऱ्या गाडीत बसून तो एकदा समोरच्या बाजूने वर बघून गेला, इतकंच. त्याला जुनी इमारत पाडून तिथे मोठं मार्केट उभं करायचं होतं. पहिल्यांदा त्याची माणसं गोड बोलली. मग पाणी बंद झालं. मग टाकीत मेलेलं डुक्कर सापडलं. अक्का रस्त्यापलीकडच्या नळावरून पाणी आणू लागली, मी कॉलेजच्या आधी आणि नंतर हंडे चढवायची. मग एका सकाळी बँडवाल्यांनी खोली उघडली तर सगळे ढोल आणि ताशे सुरीने फाडलेले, पितळी वाद्यं चेपून टाकलेली. लग्नाचा मोसम तोंडावर होता. ते लोक गाडीत सामान भरून गेले. कापड दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने जागा सोडणार नाही असं सांगितलं, तर दुकान बंद करताना दोन माणसांनी त्याचा हात धरून खाली ठेवला आणि तिसऱ्याने त्यावर शटर ओढलं. मी तेव्हा हंडा घेऊन समोरच्या नळावर होते. शटरचा आवाज ऐकला आणि त्यानंतर त्याचा. तो आवाज माणसाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. त्याची बोटं चपटी झाली होती. त्याच्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी दुकान रिकामं करून दिलं.

माझा नंबर त्यानंतर लागला. कॉलेजातून येऊन मी जिना चढत होते, दिवसाउजेडी. टप्प्याच्या वळणावर मागून कुणीतरी माझी वेणी धरली, डोकं कठड्यावर आपटलं आणि मला काही कळायच्या आत कात्रीचा करकर आवाज आला. मी ओरडले तोवर ते खाली पळाले. वेणी त्यांनी बरोबर नेली नाही. माझ्या अंगावर टाकली. मी ती हातात धरून वर गेले, कपाळातून रक्त येत होतं. अक्काने आधी कपाळाला हळद लावली. मग उरलेले केस कात्रीने सारखे केले. "केस येतीस परत," ती म्हणाली. "सकाय कॉलेजले जावानं." मी गेले. मुली बघत होत्या. आज या वयातही मागून कोणी पटकन जवळ आलं की माझा हात आधी मानेकडे जातो. नातवंडांना ते गमतीचं वाटतं.

तात्यांनी कोर्टात धाव घेतली. उरलेले भाडेकरू म्हणजे ते, अक्का आणि खालचा एक घड्याळवाला. कोर्टाने मनाई हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत कोणी इमारतीला हात लावायचा नाही. तात्यांनी तो कागद जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. टायपिंगच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. अक्काने त्या दिवशी सगळ्यांना शिरा वाढला. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्यानंतर लगेचच, एका दुपारी, जेवणाची वेळ भरात असताना, ते आले. वर खानावळीत सगळे पाट भरलेले होते. मी भाकऱ्या वाढत होते. खालून घणाचा पहिला ठोका आला तेव्हा तांब्यांतलं पाणी हललं. कोणीतरी म्हणालं, काही दुरुस्ती चाललीय वाटतं. दुसरा ठोका, तिसरा, आणि मग लाकूड फाटल्याचा लांबलचक आवाज. अक्काने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि जिन्याने पहिल्या मजल्यावर गेली. मी तिच्यामागे. कठड्यावरून खाली पाहिलं तर दहा-बारा माणसं होती, हातांत घण, पहारी, लोखंडी पाइप. जिन्याच्या खालच्या दोन-तीन पायऱ्या त्यांनी उखडून टाकल्या होत्या आणि वर सरकत होते. त्यांच्या पुढे भिका होता. अंगाने सुटलेला, एक पाय आखडलेला, हातात घण.

"भिका!" अक्का ओरडली. "हाई काय करी राहिना?"

त्याने वर पाहिलं. क्षणभर मला वाटलं, तो घण खाली ठेवेल.

"अक्का, तू निंघी जाय," तो म्हणाला. "तुले मी हात लावाव नही. पन जिना आज खाले येनार शे."

"वर मानसं जेवी राहिनात. क्लासमा पोरी शेतस. त्यास्ले उतरू दे, मंग काय करानं ते कर."

"माले जे सांगेल शे, ते मी करसू." आणि त्याने पुन्हा घण उचलला.

अक्का वळली आणि वर गेली. मला वाटलं, जेवणाऱ्यांना बाहेर काढायला गेली. तेवढ्यात तात्या क्लासमधून बाहेर आले. मागे दारात मुली एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कुणी रडत होती. तात्यांच्या हातात तो कोर्टाचा कागद होता. मला म्हणाले, "तू मुलींकडे बघ," आणि पायऱ्या उतरून फळ्यांच्या टप्प्यावर जाऊन उभे राहिले. समोर, उरलेल्या पायऱ्यांवरून भिका वर चढत होता.

"भिका, हा कोर्टाचा हुकूम आहे," तात्या म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, शिकवताना असायचा तसा. "वाच."

"माले वाचता येत नही, तात्या."

"मग मी वाचून दाखवतो."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. भिकाने घण उलटा धरला आणि त्याचा दांडा आडवा फिरवला. तो तात्यांच्या कानाच्या वर बसला. मी कठड्यापाशी होते, मध्ये काहीच नव्हतं, मी सगळं पाहिलं. तात्या खाली पडण्याआधी कठडा धरायला गेले. भिकाने दुसऱ्यांदा मारलं.

मी किंचाळले. त्याच वेळी माझ्या बाजूने अक्का गेली. दोन्ही हातांत गोणपाटाने धरलेलं डाळीचं पातेलं, चुलीवरून सरळ उचललेलं, कडांवरून डाळ उसळत होती. ती टप्प्याच्या वरच्या पायरीवर थांबली. भिकाने मान वर केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिने पातेलं त्याच्या तोंडावर रिकामं केलं.

तो ओरडला नाही. आधी फक्त दोन्ही हातांनी तोंड धरलं, जणू डाळ पुसून काढता येईल. हात काढले तेव्हा कातडी हातांबरोबर आली. मग तो ओरडला, आणि मागच्या मागे, जिथे पायऱ्या उरल्या नव्हत्या तिथून, खाली दगडी फरशीवर पडला. त्याच्यामागच्या एकाच्या खांद्यावर आणि मानेवर डाळ उडाली होती, तो रस्त्यावर धावत सुटला. बाकीचे एक क्षण गोठले आणि मग त्यांनी हातात येईल ते वर फेकायला सुरुवात केली. विटा, लाकडाचे तुकडे, पहार. वरून जेवणारे धावत आले, त्यांनी तांबे आणि पाट खाली फेकले. आग्रा रोडवर गर्दी जमली होती. कोणी आत आलं नाही.

मला त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मुलींना बाहेर काढायचं एवढंच डोक्यात होतं. क्लासच्या मागे एक अरुंद गॅलरी होती आणि पलीकडे, मध्ये बोळ सोडून, एका गोदामाचं पत्र्याचं छप्पर. आम्ही टायपिंगचं लांब लाकडी बाक उचललं आणि गॅलरीतून त्या छपरावर टाकलं. ते जेमतेम पोहोचलं. मी या टोकावर बसून ते धरून ठेवलं आणि मुलींना एकेक करून त्यावरून रांगत पाठवलं. खाली बोळात दोघे जण पळत आले आणि त्यांनी विटा मारायला सुरुवात केली. एका मुलीच्या भुवईवर वीट लागली, तिचा डोळा रक्ताने बुजला, तरी ती थांबली नाही, हाताने बाक चाचपत पुढे गेली. माझ्या गुडघ्यावर एक बसली. मी ओरडत होते, "खाली बघू नका! खाली बघू नका!" आणि मी स्वतः खालीच बघत होते. शेवटची मुलगी पलीकडे गेल्यावर मी जिन्याकडे धावले. अक्का टप्प्यावर बसली होती, तात्यांचं डोकं तिच्या मांडीवर. तिचं लुगडं मांडीपासून पायापर्यंत लाल झालं होतं. तिने मान हलवून मला सांगितलं, घाई करू नको. तात्या गेले होते. खानावळीतल्या माणसांनी त्यांना वर उचललं आणि त्याच बाकावरून, चादरीत बांधून, पलीकडे नेलं.

पोलीस आले, अक्काला घेऊन गेले. भिका जगला. एक डोळा गेला, दुसरा वाचला, तोंडाची डावी बाजू आणि गळा वितळल्यासारखा झाला. तात्यांच्या मृत्यूबद्दल असं लिहिलं गेलं की जिना जुना होता, माणसं तो दुरुस्त करायला आली होती, वयस्क गृहस्थांचा पाय घसरला. आमच्याकडे तो कोर्टाचा कागद होता, पण रक्ताने भिजून त्याचा लगदा झाला होता, आणि तसाही त्याने कुणाच्या तोंडून काही वदवलं नसतं. रस्त्यावर जमलेल्या एवढ्या गर्दीतून एकही माणूस पुढे आला नाही. टायपिंगच्या मुलींना घरच्यांनी साक्षीला पाठवलं नाही, आणि जेवणारे खाली आले ते तात्या पडल्यावर. खालच्या घड्याळवाल्याने सांगितलं, मी आत होतो, काही दिसलं नाही. तो खोटारडा माणूस नव्हता. कापड दुकानवाल्याची बोटं त्याने जवळून पाहिली होती.

आमचे वकील जळगावचे, भले गृहस्थ. त्यांनी अक्काला बजावून ठेवलं होतं. पातेलं गरम होतं, तुम्ही जेवणाऱ्यांना बाहेर काढायच्या गडबडीत ते घेऊन उतरत होतात, हातातून घसरलं. एवढंच म्हणायचं. घसरलं म्हटलंत की सुटाल. अक्का मान हलवायची. कोर्टात आधी त्या बाजूचे साक्षीदार झाले. एकामागून एक माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, तात्यांचा पाय घसरला. मग भिकाला आणलं. तोंडावर फडकं होतं. ते काढायला लावलं तेव्हा कोर्टातल्या बायकांनी नजर वळवली. मी वळवली नाही. मला त्याची दया आली, हे लिहायला आजही जड जातं, आणि त्याच वेळी मला वाटत होतं की दुसरा डोळाही जायला हवा होता. तो खाली बघत म्हणाला, "तात्यास्ना पाय घसरना. अक्कानी एकदम डाळ टाकी दिधी."

मग न्यायाधीश साहेबांनी अक्काला विचारलं. वकिलांनी तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावली.

"घसरनं नही, साहेब," अक्का म्हणाली. तोच आवाज, ट्रम्पेट आणि मशीनींच्या वर जाणारा. बाहेरच्या वऱ्हांड्यातली माणसं दारात आली. "मी ओतं. पाहीसन ओतं. आठे येल बठ्ठास्ना पाय घसरना, हात घसरना. मन्हा काही घसरेल नही. भिकानी तात्यास्ले मारं, ते मी पाह्यं, मंग मी त्यानावर ओतं."

वकिलांनी डोळे मिटले. त्यानंतर मी साक्ष दिली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं, पहिला फटका, दुसरा फटका, कानाच्या वर. पण मी पडले आरोपीचीच मुलगी. साहेबांनी निकालात म्हटलं की तात्या पडल्यानंतर पातेलं ओतलं गेलं, तेव्हा तो बचाव नाही, सूड आहे. अक्काला सक्तमजुरी झाली. तिला नेताना मी तिच्यामागे धावले आणि भर वऱ्हांड्यात तिच्यावर ओरडले, "एक शब्द बोलायचा होता! एकच शब्द!" ती म्हणाली, "तो शब्द त्यास्ना शे. आपुन कसाले घेवाना?"

ती आत असताना गुलाब बिल्डिंग पाडली. आता अडवायला कोणी उरलं नव्हतं. मी तेव्हा एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून लागले होते आणि माईंच्या घराशेजारी खोली घेऊन राहत होते. दुपारच्या सुट्टीत जाऊन बघायची. वरून सुरुवात केली त्यांनी. खानावळीची भिंत पडली तेव्हा चुलीमागची काजळी धरलेली जागा उघड्यावर आली, आणि रस्त्यावरून जाणारे लोक वर बघून म्हणाले, इथे अक्काची खानावळ होती. सागवानी जिन्याचं लाकूड गाडीत भरून नेलं. दारावरचा गुलाब घणाच्या एका घावात फुटला.

अक्का सुटली तेव्हा मी रिक्षा घेऊन गेले. ती बारीक झाली होती, केस पांढरे, पण आत ती स्वयंपाकातच होती त्यामुळे हात तसेच, भाजलेले आणि मजबूत. म्हणाली, आग्रा रोडवरून घे. बिल्डिंगच्या जागी पत्र्यांच्या कुंपणाआड मोठा खड्डा होता, त्यात लोखंडी सळया उभ्या होत्या. मी खड्ड्याकडे बघत होते. अक्का वर बघत होती. मग माझ्या लक्षात आलं, आमचं घर वर होतं. ते होतं तिथे आता आकाश होतं, आणि ती नेमक्या त्या जागेकडे बघत होती जिथे चूल असायची.

कुंपणाच्या फाटकाशी खुर्ची टाकून राखणदार बसला होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि उठून उभा राहिला. शेठने भिकाला तिथे बसवलं होतं. मी अक्काचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी जानीसन ओतं व्हतं, भिका," ती म्हणाली.

"माहीत शे अक्का." त्याचं तोंड एका बाजूनेच हलायचं. त्याने खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाला, "मी बी जानीसनच मारं व्हतं."

"हाई तठे बोलाले पाहिजे व्हतं."

अक्काने त्याला शिवी दिली नाही, क्षमाही केली नाही. रिक्षात येऊन बसली आणि म्हणाली, "माईकडे घे."

माईंच्या घरी त्यांनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. अक्का पाटावर बसली नाही, उभ्यानेच बोलली. "माई, मी एक सांगाले उनू. त्यास्ना पाय घसरना नही. भिकानी मारं. आते मन्हासमोर त्यानी कबूल करं."

"मला ठाऊक होतं," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं जिना चढले-उतरले, पाय कधी घसरला नाही त्यांचा." त्यांनी पदर सारखा केला. "एक विचारू? सगळे म्हणतात जागच्या जागी गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. खरं आहे का हो?"

मी अक्काकडे बघितलं. मनात म्हणत होते, हो म्हण, या बाईसाठी तरी हो म्हण.

"नही माई," अक्का म्हणाली. "कळनं व्हतं त्यास्ले. थोडा वखत व्हतात त्या मन्हा मांडीवर."

माईंनी भिंतीला हात टेकला. "काही बोलले?"

"पोरी उतरन्यात का, आसं इचारं."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा मागच्या गॅलरीत बाक धरून बसले होते. इतके दिवस अक्काने ते मलाही सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मी 'हो' म्हनी दिधं."

"उतरल्या होत्या?"

"नही. तवय एक बी उतरेल नव्हती."

माई पुढे आल्या, तिचा दंड धरून तिला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस."